किल्ली देण्यापूर्वी : राहते घर राहण्याजोगे उरत नाही तेव्हा

आमच्या यवतमाळकडे घराला ‘भाडे’ म्हणणारे कमी. ‘किराया’ म्हणतात, आणि राहणाऱ्याला ‘किरायदार’. माझे वडील आयुष्यभर किरायदार होते. एका जिनिंग फॅक्टरीत ते मुनीम होते. दर महिन्याच्या पाच तारखेला घरमालकाच्या ओसरीवर जाऊन ते पैसे हातात देत, चहा घेत आणि परत येत. पावती त्यांनी कधी मागितली नाही. मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे ते मानत.

१९९१च्या पावसाळ्यात आमच्या घराची मागची भिंत बसली. सागवानी बल्ल्या, मातीच्या भिंती आणि वर कवेलू असे ते घर होते. आठ दिवसांच्या झडीने भिंत आतून भिजली आणि एका पहाटे सांदवाडीकडे कलंडली. कोणाला लागले नाही. घरमालक स्वतः छत्री घेऊन आले, हळहळले आणि म्हणाले, “दोन महिने दुसरीकडे खोली करून राहा, भिंत उभी केली की या परत.” वडिलांनी त्याच दिवशी सामान हलवले आणि किल्ली त्यांच्या हातात दिली. दोन महिन्यांचे सहा झाले. भिंत उभी राहिली, घराला रंगही लागला, आणि त्यात दुसरे कुटुंब राहायला आले. वडील विचारायला गेले तेव्हा उत्तर मिळाले, “तुम्ही तर घर सोडलं होतं ना?”

त्या ‘सोडलं’ शब्दाने मला कायद्याच्या वाटेला लावले. मी वकील नाही. नोकरी सांभाळून, जिल्हा ग्रंथालयातली जुनी पुस्तके, कोर्टाच्या आवारात विकत मिळणाऱ्या अधिनियमांच्या प्रती आणि भल्या वकिलांनी फुकट दिलेला वेळ, एवढ्या भांडवलावर मी गेली तीस वर्षे हा विषय वाचतो आहे. राहते घर राहण्याजोगे उरले नाही तर भाडेकरूचे काय, हा एवढाच माझा प्रश्न आहे. त्याचे उत्तर कायद्यात आहे. ते एका ठिकाणी नाही, आणि ज्याला हवे असते त्याच्यापर्यंत ते वेळेत पोहोचत नाही.

एका जिल्ह्याचे चार कायदे

यवतमाळ जिल्हा वऱ्हाडातला. १९५०पर्यंत आपण मध्य प्रांत व वऱ्हाडात होतो, नंतर १ नोव्हेंबर १९५६पर्यंत मध्य प्रदेशात, मग द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६०पासून महाराष्ट्रात. राज्ये बदलली तरी घरभाड्याचा कायदा जुनाच राहिला. तो म्हणजे मध्य प्रांत व वऱ्हाडचा घरे भाड्याने देण्याबाबतचा आणि भाडे नियंत्रणाचा १९४९चा आदेश. पैनगंगेच्या अलीकडे उमरखेडला हा आदेश, तर पलीकडे मराठवाड्यात हैदराबादचा १९५४चा कायदा, आणि मुंबई-पुण्याकडे १९४७चा मुंबई भाडे कायदा. एकाच राज्यातल्या तीन भाडेकरूंची भिंत एकाच पावसात पडली, तर तिघांसाठी तीन वेगळे कायदे, अशी स्थिती चाळीस वर्षे होती.

आमच्या १९४९च्या आदेशाचा गाभा त्याच्या तेराव्या खंडात होता. भाडे नियंत्रकाची लेखी परवानगी घेतल्याशिवाय घरमालकाला भाडेकरूला घर सोडण्याची नोटीसही देता येत नसे. आधी नियंत्रकापुढे कारण सिद्ध करायचे, मग नोटीस द्यायची, आणि त्यानंतर दिवाणी न्यायालयात दावा. आवश्यक दुरुस्तीसाठी घर रिकामे हवे असणे, हेही परवानगीच्या कारणांपैकी एक होते. म्हणजे १९९१मध्ये आमच्या घरमालकाला भिंत बांधण्यासाठी घर रिकामे करून हवे होते, तर कायद्याचा रस्ता भाडे नियंत्रकाच्या कचेरीतून जात होता. वडिलांना नियंत्रक नावाचा अधिकारी असतो हेच माहीत नव्हते. घरमालकांना माहीत होते की नाही, हे मी आज सांगू शकत नाही. पण परवानगीची गरज नोटिशीसाठी होती. भाडेकरूने आपण होऊन ताबा दिला तर तिची गरजच उरत नसे.

ही गोष्ट समजायला मला काही वर्षे लागली. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२च्या कलम १११मध्ये भाडेपट्टा कोणकोणत्या प्रकारे संपतो याची यादी आहे. त्यात एक प्रकार आहे भाडेकरूने पट्टा परत करण्याचा. हे परत करणे स्पष्ट शब्दांत होऊ शकते, तसेच वागण्यातून सूचितही होऊ शकते. सामान नेणे, किल्ली देणे, भाडे बंद होणे आणि मालकाने ताबा घेणे, या चार गोष्टी एकत्र आल्या की न्यायालयाला त्यातून ‘परत केले’ असा अर्थ काढता येतो. ‘दुरुस्तीपुरते हललो’ आणि ‘सोडून गेलो’ यांतला फरक वडिलांच्या मनात पक्का होता. कागदावर तो कुठेच नव्हता.

३१ मार्च २०००पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू झाला आणि वरचे तिन्ही कायदे रद्द झाले. ज्या भागांना १९४९चा आदेश लागू होता, तिथे आता हा अधिनियम आहे. जी खेडी त्या कक्षेत येत नाहीत, तिथे १८८२चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियमच चालतो. नगरपरिषदेच्या किंवा सरकारच्या मालकीच्या जागांना भाडे नियंत्रण लागू नाही. म्हणून पहिला प्रश्न नेहमी हा असावा : माझे घर कुठे आहे आणि कोणाचे आहे?

‘चांगल्या व भाड्याने देण्याजोग्या’ स्थितीत

१९९९च्या अधिनियमाचे कलम १४ हे या विषयाचे हृदय आहे. भाडेकरूने उलट करार केलेला नसेल, तर घर चांगल्या आणि राहण्यास देण्याजोग्या दुरुस्त स्थितीत ठेवणे घरमालकावर बंधनकारक आहे. ‘उलट करार नसेल तर’ हे शब्द विसरू नयेत. स्टॅम्प पेपरवरच्या छापील मसुद्यात “सर्व दुरुस्ती भाडेकरूने करावयाची आहे” असे वाक्य अनेकदा असते आणि सही करताना ते कोणी वाचत नाही. त्या एका ओळीने कलम १४चे छत्र मिटते.

घरमालकाने दुरुस्ती टाळली तर काय, याचाही मार्ग त्याच कलमात आहे. भाडेकरूने एकट्याने किंवा सर्व संबंधित भाडेकरूंनी मिळून किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्यायची. त्यानंतर वाजवी मुदतीत काम झाले नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतात. खर्चाचा हिशेब आणि पावत्या भाडेकरूने नीट ठेवल्या, तर तोच खर्चाचा निर्णायक पुरावा मानला जातो. मर्यादा एकच : एका वर्षात वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त असता कामा नये.

ही मर्यादा कागदावर साधी दिसते, हिशेब मांडला की तिचे वजन कळते. महिना २,००० रुपये भाडे असेल तर वर्षाचे २४,००० आणि वळते करता येतात ६,०००. एवढ्यात कवेलू फेरता येतील, दोन-चार वासे बदलता येतील. पडलेली भिंत उभी करायला ४०-४५ हजार लागले तर तो पैसा परत यायला सात वर्षे जातील. म्हणून कायद्यातला ‘मिळून’ हा शब्द मोलाचा आहे. एका वाड्यातले पाच भाडेकरू एकत्र आले तर त्यांची पाच चतुर्थांशे जमा होतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला त्याच्या भाड्याच्या प्रमाणात खर्च येतो.

दोन सावधगिऱ्या इथे सांगायला हव्यात. पहिली, दुरुस्ती ही दुरुस्तीच राहिली पाहिजे. मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमस्वरूपी बांधकाम केले, तर तेच घर खाली करून घेण्याचे कारण ठरते. लाकडी आडोसा, ओटा, हवेसाठी खिडकी, धुराडे अशा गोष्टी कायद्याने त्यातून वगळल्या आहेत. पण मातीच्या भिंतीच्या जागी सिमेंटची भिंत आणि वर स्लॅब टाकायचा विचार असेल तर आधी लेखी संमती घ्यावी. दुसरी सावधगिरी भाड्याची. “घर गळतं, मग किराया कशाला द्यायचा?” हा प्रश्न मला सर्वात जास्त वेळा विचारला जातो. भाडे पूर्ण थांबवणे हा कलम १४ने सांगितलेला उपाय नाही. भाडे थांबले की घरमालकाला लेखी मागणी करता येते, आणि ९० दिवसांत ते दिले नाही तर दावा लावता येतो. मग छत कोणी दुरुस्त करायचे हा मुद्दा मागे पडतो आणि भाडेकरूच थकबाकीदार म्हणून उभा राहतो. दावा लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकलेले भाडे, १५ टक्के व्याज आणि खर्च न्यायालयात भरून घर वाचवता येते, पण ती वेळ येऊच नये. घर गळत असले तरी भाडे देत राहावे, ते बँकेतून द्यावे आणि नोटिशीत तसे लिहावे.

जळाले, वाहून गेले, पडले

आता खरा कठीण प्रसंग. दुरुस्तीने भागणार नाही, घरच उरले नाही तर?

जुन्या इंग्रजी कायद्याचे उत्तर कठोर होते. भाडेपट्टा जमिनीचा असतो. वरचे घर जळाले तरी जमीन जागेवर आहे, म्हणून भाडे चालूच. शेतीच्या काळात याला काही अर्थ होता. १८८२मध्ये आपल्याकडे कायदा लिहिला गेला तेव्हा त्याने इथे वेगळी वाट धरली. कलम १०८(ङ) सांगते की आग, वादळ, पूर, सैन्य किंवा जमावाचा हिंसाचार अथवा अन्य अनिवार शक्तीने मालमत्तेचा महत्त्वाचा भाग पूर्ण नष्ट झाला, किंवा ज्या हेतूने ती दिली त्यासाठी ती मोठ्या प्रमाणात आणि कायमची निरुपयोगी झाली, तर भाडेकरूच्या इच्छेनुसार पट्टा रद्द ठरतो. नुकसान भाडेकरूच्याच चुकीने झाले असेल तर हा लाभ मिळत नाही.

या वाक्यातले दोन शब्द अधोरेखित करावेत असे आहेत. एक ‘कायमची’. चार दिवस घरात पाणी होते, महिनाभर ओल होती, हे त्यात बसत नाही. दुसरा ‘भाडेकरूच्या इच्छेनुसार’. पट्टा आपोआप संपत नाही आणि घरमालकाला तो ‘संपला’ असे जाहीर करता येत नाही. निवड भाडेकरूची. त्याला जायचे असेल तर त्याने तसे कळवावे आणि भाड्यातून मोकळे व्हावे. राहायचे असेल तर त्याचा हक्क टिकतो, पण मग भाड्याची जबाबदारीही टिकते. करार अशक्य झाला म्हणून भाडेपट्टा संपला, हा करार कायद्याचा युक्तिवाद भाडेपट्ट्याला लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६८मध्येच राजा ध्रुवदेव चंद यांच्या प्रकरणात सांगितले आहे.

इमारत पडली तर भाडेकरूपणही पडते का, यावर मात्र न्यायालयांत बराच काळ एकमत नव्हते. आधीच्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की दुकान नष्ट झाले म्हणजे भाडेकरूपण संपले. २००३मध्ये दुसऱ्या पीठाने उलट मत दिले. हा वाद अखेर महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात मिटला. महापालिकेने धोकादायक ठरवून पाडलेल्या इमारतीतील भाडेकरूंचा हा दावा होता. २०१४मध्ये शहा रतनसी खिमजी प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो पहिला निकाल बाजूला सारला आणि स्पष्ट केले की भाडेपट्ट्यात इमारतीबरोबर तिच्या खालची जमीनही येते, म्हणून नुसती इमारत पडल्याने भाडेकरूचा हक्क संपत नाही. जुन्या इंग्रजी कायद्यात ‘जमीन तर आहेच ना’ हे तत्त्व भाडेकरूकडून भाडे वसूल करण्यासाठी वापरले जाई. इथे तेच तत्त्व त्याचा हक्क राखण्यासाठी कामी आले.

यवतमाळसारख्या नगरपरिषदेच्या गावात धोकादायक इमारतीची नोटीस १९६५च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम १९५खाली येते. ती भिंतीवर चिकटवलेली दिसली की भाडेकरू घाबरून सामान हलवतात. जीव वाचवायला हलणे योग्यच आहे. पडायला आलेल्या घरात हक्कापायी बसून राहू नये. पण हलण्यापूर्वी घराची मोजमापे, फोटो, नोटिशीची प्रत आणि “आम्ही सुरक्षिततेसाठी तात्पुरते बाहेर जात आहोत, भाडेकरू म्हणून आमचा हक्क सोडलेला नाही” असे पत्र एवढे तरी करून घ्यावे. पत्राची एक प्रत घरमालकाला, एक मुख्याधिकाऱ्यांना. असे चार ओळींचे पत्र १९९१मध्ये आमच्याकडून गेले असते, तर पुढचे सगळे वेगळे झाले असते.

दुरुस्तीसाठी बाहेर, आणि परत आत

१९९९च्या अधिनियमात दुरुस्तीसाठी घर रिकामे करण्याची सोय आहे, पण ती न्यायालयामार्फत. घर रिकामे केल्याशिवाय दुरुस्ती शक्यच नाही, हे घरमालकाने कलम १६खाली सिद्ध करायचे. हुकूम देताना न्यायालय कलम १७खाली भाडेकरूला विचारते, “तुम्हाला परत यायचे आहे का?” त्याचे ‘होय’ हुकूमनाम्यात नोंदले जाते आणि ताबा देण्याची तारीख ठरते. काम पुरे होत आले की मालकाने भाडेकरूला कळवायचे, भाडेकरूने मुदतीत होकार द्यायचा, आणि मग पूर्वीच्याच अटींवर तो परत आत येतो. मालकाने काम सुरूच केले नाही, किंवा करूनही घर दिले नाही, तर भाडेकरू त्याच न्यायालयाकडे जाऊ शकतो. मुंबईबाहेर, जिथे लघुवाद न्यायालय नाही तिथे, हे न्यायालय म्हणजे कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांचे न्यायालय. तालुक्याच्या ठिकाणीही ते सहसा असते.

पाडून नवे बांधायचे असेल तर अटी अधिक कडक आहेत. मालकाजवळ पैसा आहे का, नकाशे आणि अंदाजपत्रक तयार आहेत का, नव्या इमारतीत जुन्या भाडेकरूंची सोय आहे का, याची खात्री करूनच न्यायालय हुकूम देते.

तोंडी बोलण्यावर घर सोडणाऱ्याला यातले काहीच मिळत नाही. कायद्याने परतीचे दार ठेवले आहे, पण ते हुकूमनाम्यात नोंदवलेल्या माणसासाठी. न्यायालयात न जाता आपसात ठरवायचे असेल तर निदान हीच कलमे समोर ठेवून कागद करावा : किती दिवस, कोणते काम, परतीची तारीख, भाडे किती.

पाणी, वीज आणि अकरा महिन्यांचा कागद

घर राहण्याजोगे न उरण्याची आणखी एक तऱ्हा आहे. भिंती शाबूत असतात, पण नळ तोडलेला असतो. कलम २९ सांगते की पाणी, वीज, जिन्यातला दिवा, सांडपाण्याची व शौचाची व्यवस्था यांसारख्या अत्यावश्यक सेवा घरमालकाने पुरेशा कारणाशिवाय तोडू नयेत. तोडल्या तर भाडेकरू न्यायालयात अर्ज करू शकतो. २०१८च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह हे आमचे दोन्ही जलसाठे आटले, तेव्हा गावात सगळ्यांच्याच नळाला पाणी नव्हते. त्याचा दोष कलम २९खाली घरमालकाला देता येत नाही. पण इतरांना टँकरचे पाणी मिळते आणि एका किरायदाराच्या टाकीचा वॉल्व तेवढा बंद असतो, तेव्हा हे कलम जागे होते. विजेचे तर अधिक स्पष्ट आहे. विद्युत अधिनियम, २००३चे कलम ४३ जागेच्या मालकाला किंवा भोगवटादाराला, दोघांनाही, वीजजोडणी मागण्याचा अधिकार देते. घरमालकाचे ना-हरकत पत्र नाही एवढ्यावरून भाडेकरूला वीज नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये सांगितले.

आजकाल मात्र बहुतेक तरुण किरायदार कायद्याने ‘भाडेकरू’ नसतातच. अकरा महिन्यांच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’वर ते परवानाधारक असतात. मुदत संपली की कलम २४खाली घरमालक सक्षम प्राधिकाऱ्याकडून ताबा घेऊ शकतो. परवानाधारकासाठी सुखाधिकार अधिनियम, १८८२मध्ये दोन छोटी पण उपयोगी कलमे आहेत. मालकाला माहीत असलेला आणि राहणाऱ्याला माहीत नसलेला धोकादायक दोष त्याने सांगितला पाहिजे, आणि जागा धोकादायक होईल असे काही करता कामा नये. कागद भाडेकराराचा असो वा परवान्याचा, कलम ५५प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत करण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. तसा नोंदलेला कागद नसेल, तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. उलट सिद्ध करणे घरमालकाकडे. “आमच्याजवळ कागदच नाही” म्हणून खचणाऱ्यांना हे कलम मी आवर्जून दाखवतो.

२२ जुलै २०२३

त्या दिवशी यवतमाळ जिल्ह्याने जे पाहिले ते विसरता येणार नाही. एका रात्रीत झालेल्या अतिवृष्टीने नद्या-नाले गावांत शिरले. महागाव तालुक्यातल्या आनंदनगर इथे लोक पुरात अडकले आणि त्यांच्यासाठी हवाई दलाची हेलिकॉप्टरे मागवावी लागली. यवतमाळ शहरातही नाल्याकाठच्या वस्त्यांत घराघरांत पाणी होते. आमची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पाण्याने फुगते. पायाखालची माती दर वर्षी अशी श्वास घेत असते. त्यात मातीच्या भिंती कंबरभर पाण्यात उभ्या राहिल्या की त्या टिकत नाहीत.

चार दिवसांनी शिवणकाम करणाऱ्या एक बाई माझ्याकडे आल्या. तीन किरायदारांचा जुना वाडा, त्यांच्या मागच्या खोलीची भिंत पडलेली. “भाऊ, मालक म्हणते खोली खाली करा, मग पाहू. किराया देऊ का नको? अन् तलाठी आले तं नाव कोणाचं सांगू?”

मी त्यांना आधी तलाठ्याचे सांगितले. पंचनाम्यात घर पडल्याची मदत घराच्या मालकासाठी असते; पण कपडे आणि भांडीकुंडी यांची मदत तिथे राहणाऱ्या कुटुंबासाठी असते. आपत्ती मदतीच्या त्या वेळच्या निकषांत कपड्यांसाठी २,५०० आणि भांड्यांसाठी २,५०० रुपये होते. रक्कम थोडी, पण सरकारी कागदावर ‘येथे राहणारे कुटुंब’ म्हणून आपले नाव लागते, त्याचे मोल जास्त. म्हणून पंचनाम्याच्या वेळी घरी थांबा, ताई, आणि नाव सांगा.

मग तिघा किरायदारांची मिळून एक नोटीस आम्ही लिहिली. मजकूर साधा होता. कोणती भिंत, कधी पडली, १५ दिवसांत दुरुस्ती व्हावी, नाही झाली तर कलम १४प्रमाणे आम्ही करू, भाडे नियमित देत आहोत, आणि घर सोडलेले नाही. ती पोचपावतीसह टपालाने गेली. तिघांचे मिळून महिन्याचे भाडे ५,००० रुपये, वर्षाचे ६०,०००, म्हणजे वर्षाला १५,००० वळते करता येणार. मिस्त्रीचा अंदाज ४२,०००चा. तीन वर्षांत फिटेल असा हिशेब.

घरमालक नोटीस हातात घेऊनच आले. सत्तरी पार केलेले, रागावलेले आणि दुखावलेलेही. “चाळीस वर्षांत अशी भाषा झाली नाही,” म्हणाले. त्यांचे ऐकताना मला आमच्या ओसरीवरचा चहा आठवला. त्यांची बाजूही खोटी नव्हती. जुन्या वाड्याचे भाडे वाढत नाही; अधिनियम वर्षाला ४ टक्के वाढ देतो, पण ती संकोचाने कोणी मागत नाही आणि मग एकदम दुरुस्तीचा डोंगर उभा राहतो. गोठवलेले भाडे घरमालकावर अन्याय करते, हे सर्वोच्च न्यायालयानेही १९९७मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात मान्य केले होते, आणि १९९९चा कायदा येण्यामागे ते एक कारण होते. पडक्या घराच्या दोन्ही बाजूंना पुष्कळदा गरजूच असतात.

तीन बैठका झाल्या. शेवटी कागद झाला. विटा, सिमेंट आणि टीन मालकाचे, मजुरी किरायदारांची, ती भाड्यातून वळती; पुढच्या वर्षापासून ४ टक्के वाढ; आणि “सदर खोली दि. ५ नोव्हेंबर २०२३ रोजी त्याच भाडेकरूस परत देण्यात येईल” हे वाक्य. शेवटच्या वाक्यावर मी अडून बसलो. बाकी सगळ्यात तडजोड चालली असती. त्या बाई दिवाळीच्या आधल्या आठवड्यात मशीन घेऊन परत आल्या. तिघांपैकी एक कुटुंब मात्र तोवर कंटाळून पांढरकवड्याला निघून गेले होते. सगळे काही कागदाने जमत नाही.

पुढे काय हवे

जगात इतरत्र हा प्रश्न ‘घर राहण्याजोगे आहे का’ या एका निकषावर आणून ठेवला गेला आहे. वॉशिंग्टनच्या न्यायालयाने १९७०मध्ये जॅव्हिन्स प्रकरणात म्हटले की राहत्या घराच्या भाडेकरारात ते घर राहण्याजोगे असल्याची हमी न लिहिताही असतेच. इंग्लंडने २०१८मध्ये माणसाच्या वास्तव्यास योग्य घराचा कायदा केला. तो मार्च २०१९पासून लागू आहे. आपल्या केंद्र सरकारच्या २०२१च्या आदर्श भाडेकरू कायद्यातही, लेखी मागणी करूनही दुरुस्ती न झालेले आणि राहण्याजोगे नसलेले घर १५ दिवसांच्या नोटिशीने सोडण्याचा हक्क आहे. पण राज्य स्वीकारत नाही तोवर तो मसुदाच राहतो. आणि त्यातही हक्क आहे तो सोडण्याचा. आमच्याकडच्या किरायदाराला बहुधा सोडायचे नसते. त्याला त्याच घरात, कोरड्या भिंतींत, राहायचे असते. त्या दृष्टीने आपले जुने कलम १४, त्यातली चतुर्थांशाची कंजूष मर्यादा जमेस धरूनही, मला अधिक जवळचे वाटते.

कमी आहे ती माहितीची. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२प्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि पूर, दुष्काळ यांसारख्या आपत्तींनी ग्रासलेल्यांना तिथे मोफत वकील मिळतो. पुरात घर गेलेला किरायदार त्यात थेट बसतो. पण त्या दारापर्यंत तो पोहोचतो तेव्हा किल्ली बहुधा दिलेली असते.

वडील २००६मध्ये गेले. शेवटपर्यंत त्यांनी त्या घरमालकांना दोष दिला नाही. “आपणच बोललो नाही नीट,” म्हणत. त्यांच्या पेटीत मला एक जुनी लोखंडी किल्ली सापडली, त्या घराच्या मागच्या दाराची. पुढच्या दाराची दिली, ही राहून गेली असावी. मागची भिंतच पडल्यामुळे तिचा उपयोगही नव्हता. ती मी जपून ठेवली आहे, आणि कोणी सल्ला विचारायला आले की टेबलावर काढून ठेवतो. आधी पत्र लिहू, मग पंचनामा, मग नोटीस. किल्लीचे सर्वात शेवटी बोलू.